दुसरा गिअर

ओमिओ सुटलं आणि चढ लागला.
तू खिडकीशी, मांडीवर थर्मास,
आणि मी तिथे, जिथे चाळीस वर्षं तू बसलास.
मागे कॅरॅव्हॅन,
दाव्याला बांधलेल्या ओढाळ वासरासारखी,
प्रत्येक वळणाला मनातून नाही म्हणणारी.

"पूल गेला ना? आता डावीकडे वळण.
तिसऱ्यातून दुसऱ्यात."
पूल तुला दिसला नव्हता, आल्विन.
चाकांखाली फळ्या धडधडल्या, तेवढ्यावरून ओळखलास.
दोन वर्षं झाली, तुझ्या नजरेच्या मधोमध
डाग बसलाय,
टेबलावर चहाच्या कपाचा उठतो तसा.
कडेकडेचं तेवढं उरलंय.
तुझा कान दिसतो, म्हणालास, चेहरा नाही.
नशीब समज, मी म्हटलं,
आणि मग बराच वेळ
फक्त इंजिन बोलत राहिलं.

मागून ओंडक्यांचा ट्रक आला.
आरशात नुसतं त्याचं नाक.
मी जीव मुठीत धरून रेडिओवर म्हटलं,
माफ करा, जागा दिसली की बाजूला होते.
"सावकाश, बाई. झाडं कापलेली आहेत,
आता कुठे पळतायत!"
तू इतका हसलास की थर्मास पडला.
याच घाटात तूही ओंडकेच वाहायचास,
आणि असंच कुणाकुणाला सांगत असशील
रात्री-अपरात्री, मला ठाऊक नसलेल्या आवाजात.

नदीकाठची जागा. पाटीवर एवढंच:
भाडं नाही, नळ नाही, आपला कचरा आपण न्यावा.
"फुकट ते पौष्टिक," तू म्हणालास,
दरवर्षी म्हणतोस.
पण कॅरॅव्हॅन मागे घ्यायची
म्हणजे उजवीकडे न्यायला डावीकडे वळवायचं,
आणि माझे हात अजून खरंच बोलतात.
पलीकडच्या तंबूतला पोरगा धावत आला, कॉर्बिन,
तिन्ही पायांवर नाचणारा त्याचा कुत्रा.
तो हातवारे करतोय, तू ओरडतोयस,
मी एकदा नदीकडे, एकदा झाडाकडे.
शेवटी पोरगा गप्प झाला
आणि तुझ्याशेजारी उभा राहून
नुसती खडी ऐकू लागला.
"थांब," तू म्हणालास.
चाकापासून वीतभर मागे बुंधा होता.

मग ठोकळे. लेव्हलमधला बुडबुडा तुला दिसत नाही,
म्हणून तू आत पलंगावर आडवा:
"डोक्यात रक्त उतरतंय, नोएलीन, अजून एक घाल!"

कुणीतरी पत्र्याखाली लाकडं रचून ठेवली होती.
कोरडी, फोडलेली, अनोळखी हातांची.
वरच्या उतारावर वणव्यातले गमवृक्ष,
पांढरे, हाडासारखे, उभेच्या उभे,
आणि प्रत्येकाच्या पायाशी हिरवं झुडूप.
कॉर्बिनने सॉसेज आणले. त्याला बोलायला हवं होतं,
कशाबद्दल ते त्यालाही माहीत नव्हतं.
कुत्रा मात्र तुझ्या बुटावर झोपला.

रात्री जाग आली तर पलंगाची तुझी बाजू गार.
खाली वॉम्बॅट पाठ घासत होता, अख्खं घर डुलत होतं,
आणि दार उघडं.
मी अनवाणीच धावले.
तू काठावर, मान वाकडी करून,
जणू कुणी शेजारून हाक मारतंय.
"पडशील की रे!"
"गप. बघ, तो पुंजका. नीट बघितलं की जातो.
बाजूला बघितलं की येतो."
मी बघितलं. खरंच जातो.
खरंच येतो.
डॉक्टरांनी हे सांगितलं नव्हतं.
गवतावर बर्फासारखं दव. माझी बोटं गेली होती.
आणि तू माझ्याकडे न बघता,
म्हणजे बहुधा माझ्याकडेच बघत,
म्हणालास, केस कापलेस का गं?
तीन आठवडे झाले होते.

सकाळी तव्यात अंडं डावीकडे घसरलं.
ठोकळा एक कमीच पडला होता.
मी खालच्या झाडीतून मोळीभर काटक्या आणून
पत्र्याखाली सारल्या.
तशा नीट नाही रचता आल्या.
कॉर्बिन झोपलेला. त्याला काय म्हणून उठवायचं.

उतार लागला.
घाटाच्या तोंडाशी तू खिडकीची काच खाली केलीस,
कान बाहेर काढलास.
"दुसरा," म्हणालास.
मी कधीच टाकला होता.
टाकते, म्हटलं.